अक्काच्या मागोमाग

चिन्नीची थोरली बहीण नक्षलवाद्यांच्या दलमबरोबर गावात आली, तेव्हा एरवी बाईला समोर बसूही न देणाऱ्या पाटलानं स्वतः उठून तिच्यासाठी खाट टाकली. हिरवा गणवेश, खांद्यावर बंदूक! उखळात भात कांडणाऱ्या चिन्नीचा नुसता जळफळाट झाला. एकाच आईच्या लेकी, पण अक्काला खाट आणि आपल्याला मुसळ? जुलूम, क्रांती असं काहीबाही दलमची माणसं बोलत होती, पण चिन्नीचं तिकडे लक्षच नव्हतं. तिला फक्त तो मान हवा होता.

कापणी उरकल्यावर ती कुणाला न सांगता जंगलात निघून गेली. दलमनं तिला आनंदानं ठेवून घेतलं, हातात बंदूक दिली. ती मिरवतच अक्कापुढे उभी राहिली.

अक्कानं खाडकन तिच्या थोबाडीत दिली.

"माझी बरोबरी सहन होईना ना तुला?" चिन्नी फणकारली.

"बरोबरी? अगं, तू आईच्या कुशीत झोपतेस म्हणून मी इथं रोज तुझ्यावर जळत होते." अक्कानं आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला. "उद्या पळून जाऊन पोलिसांपुढे हत्यार टाकणार होते मी. आता कशी जाऊ? माझ्या पळण्याची शिक्षा हे तुला देतील."

दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या गाडीवर हल्ला करायला दलम रस्त्यालगत दबा धरून बसलं. सगळ्यांत पुढे या दोघी बहिणी होत्या. पहिली गोळी सुटली, तेव्हा अक्कानं बंदूक टाकून आधी चिन्नीचं डोकं खाली दाबलं.