डाव्या पंखावरचा लाल ठिपका

निरीक्षक भगवंतरावांनी ते निनावी पत्र दुसऱ्यांदा वाचले आणि टेबलावर उलटे ठेवले. मजकूर चार ओळींचा होता. पाइंटमन शेषराव याला लाल आणि हिरवा ओळखू येत नाही. एखाद्या दिवशी गाडीभर माणसे जातील, त्याआधी त्याच्या डोळ्यांची तपासणी व्हावी.

वाशीमच्या अलीकडच्या त्या लहानशा स्टेशनावर झेंडी दाखवणारे पाइंटमन दोनच होते, शेषराव आणि अमरसिंग. दिवसाची पाळी शेषरावाला मिळाल्यापासून दोघांत बोलणे नव्हते. तेव्हा पत्र कोणाचे, याविषयी मास्तरापासून हमालापर्यंत कोणालाच शंका नव्हती.

अमरसिंगाने साफ नाकारले. "साहेब, माहं भांडण हाये, ते मी तोंडावर करतो. कागदावर नाई करत."

हे उत्तर भगवंतरावांना उद्धट वाटले.

शेषरावाने वाद घातला नाही. त्याने दोन्ही झेंड्या नेहमीच्या जागी ठेवल्या. लालच्या दांड्याला त्याने सुतळी गुंडाळली होती. घामाने हात निसटतो, असे तो सांगे. मग त्याने साहेबांना क्वार्टरमध्ये चहाला बोलावले.

खोलीतल्या फळीवर प्लास्टिकची अकरा विमाने होती. मुंबईच्या गोदीत काम करणारा मेहुणा खोकी पाठवी. चौकटीला जडून आलेले सुटे भाग ब्लेडने कापावेत, घासावेत, डिंकाने जोडावेत आणि मग रंगवावेत, असा तो छंद.

भगवंतरावांनी तरुणपणी अशी दोन विमाने जोडली होती, आणि दोन्ही रंगवताना बिघडवली होती. त्यांनी चष्मा पुसला आणि एकेक विमान खिडकीशी नेऊन पाहिले. हिरव्या पंखावरचे लाल वर्तुळ कोठेही फुटलेले नव्हते. खऱ्या विमानाला असतो तसा डाव्या पंखाच्या टोकाला लाल ठिपका, उजव्याला हिरवा. अकरांत एकही चूक नव्हती.

"ही सगळी तुमची?"

"होय साहेब. चार वरसं होऊन राह्यले."

"रंगाला फार वेळ लागत असेल."

"जोडाले आठवडा लागते. रंगाले महिना जाते."

शेषरावाची बायको पंचफुला चहा ठेवून दाराशीच उभी राहिली होती. ती काही बोलणार, तोच शेषराव म्हणाला, "चहात साखर कमी हाये." ती साखर आणायला आत गेली.

भगवंतरावांच्या मनात निकाल तयार झाला. ज्याला लाल-हिरव्यातला भेद कळत नाही, त्याच्या हातून असे काम होणे अशक्य. काम तर समोर होते. म्हणून आरोप खोटा, आणि आरोप करणारा दुष्ट. शेषरावाला तपासणीला पाठवण्याचे कारण उरले नाही. अमरसिंगाची बदली लाइनीच्या दुसऱ्या टोकाला झाली. त्याची आंधळी आई मानोऱ्याजवळच्या तांड्यावर एकटी राही, हे त्याने अर्जात लिहिले होते. अर्ज परत आला.

निघण्याच्या दिवशी ट्रंक फलाटावर ठेवून अमरसिंग शेषरावापाशी आला.

"शेषरावभाऊ, ते पत्र माहं नोतं."

"आता कायले सांगून राह्यला? गाडी चुकन तुही."

शेषरावाने हिरवी झेंडी दाखवली. गाडी गेली.

दुपारी तो जेवायला बसला. पंचफुलाने भाकर वाढली, पण आपले ताट घेतले नाही. अमरसिंग जाताजाताही खोटे बोलला, असे शेषरावाने सांगितले आणि हसत पहिला घास मोडला.

"खोटं नाई बोलला तो," ती म्हणाली. "पत्र म्याच टाकलं होतं."

शेषरावाने मोडलेला घास परत ताटात ठेवला.

"मले वाटलं, साहेब फळीजवळ गेला का तुमी सांगसान, रंग माह्या हातचा हाये."