मधली पांढरी जागा

मुलीने नकाशावरची सगळी नावं पुसली, इमारतींच्या रेषाही काढून टाकल्या आणि उरलेला रंगांचा कागद बाबांपुढे ठेवला.

"एका चौकाचा आहे. दिवसभर माणसं कुठून चालतात ते दाखवलंय. जिथे रंग गडद, तिथे वर्दळ जास्त."

नाव ठेवलं असतं तर बाबांनी नकाशा वाचलाच नसता, थेट वकिली सुरू केली असती. चौक त्यांनीच आखला होता. त्या चौकाच्या कडेला बाकदार वळून उभी असलेली काचेची इमारतही त्यांचीच. घरी पाहुणे आले की ते आधी तिचा फोटो दाखवत, मग मुलीच्या लग्नाचे. आता तिथे झाडं लावायचा विचार होता, आणि झाडं लावली की समोरून इमारत झाकली जाणार होती. उद्या बैठक होती. नकाशा मांडायचा होता मुलीने, आणि सल्लागार म्हणून समोर बसणार होते बाबा. चारचौघांत त्यांच्याशी भांडायचं तिच्या जिवावर आलं होतं.

बाबांनी चष्मा चढवला. गडद रंग सगळा कडेकडेने गेला होता. मध्ये भलीमोठी पांढरी जागा.

"मधून कोणी जातच नाही?" ते खूश झाले. दुसऱ्याची चूक सापडली की ते नेहमीच खूश होत. "जवळची वाट सोडून लोक वळसा घालतायत, म्हणजे तिथे उन्हाचा मारा असणार. कोणी केलंय हे? त्या शहाण्याला भर दुपारी मधोमध उभं करा."

मुलीने कागद त्यांच्याकडे आणखी सरकवला.

"आणि यात उत्तर कुठंय? दिशा न दाखवता नकाशा? शिकलीस काय मग?"

उत्तर शोधायला त्यांनी कागद सवयीने आडवा धरला, मग उलटा फिरवला. पांढऱ्या जागेची एक कड बाकदार होती. तिच्यावरून बोट फिरवता फिरवता ते थांबले.

"मला फार वाईट वाटतंय, बाबा," मुलगी म्हणाली. तिला खरंच रडू येत होतं.

"काचेवरचं ऊन सगळं खाली येतं," ते हळूच म्हणाले. "मी जायचो ते पहाटे. फोटोवाल्यांबरोबर."

पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत बसलेली आई म्हणाली, "मी तर पहिल्यापासून भिंतीच्या कडेने जाते. डोळे दिपतात तिथे."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत, कशी दिसते. मी म्हटलं, छान. दिसते छानच हो ती."

बाबांनी पेन्सिल मागितली आणि पांढऱ्या जागेत एकेक गोल काढायला घेतला. प्रत्येक गोल म्हणजे एक झाड. "दाट सावलीची लावा," ते म्हणाले. "नुसती शोभेची नकोत."

रांग निम्मी झाल्यावर पेन्सिल अडली. एका झाडाएवढी जागा सोडून ती पुढे गेली.

"इथे नको?" मुलीने विचारलं.

"इथून ती अख्खी दिसते गं," बाबा म्हणाले. "एवढी एक जागा राहू दे."