डाव्या पेटीचं कुलूप

बारा वाजता नोंदणी पद्धतीने लग्न होतं आणि मैत्री-मानसची सगळी कागदपत्रं मोटरसायकलच्या डाव्या पेटीत अडकली होती. किल्ली आत जायची, पण फिरायची नाही. दोघांनी गाडी थेट इंदूरच्या सियागंज बाजारात बंडूकाकांच्या कुलपांच्या दुकानासमोर उभी केली.

"तेल टाकलं ना भिया? तेलाला धूळ चिकटते." काकांनी कुलूप पेट्रोलने धुतलं, पेन्सिलीच्या शिशाची पूड आत फुंकली आणि किल्ली हळूच फिरवली. पेटी उघडली. मैत्रीने टाळ्याच वाजवल्या.

लग्नाचे कागद पाहून काकांनी विचारलं, "घरचे कुठे आहेत?"

"दोन्हीकडचे नाराज आहेत, काका," मानस म्हणाला. "साक्षीला तिघं लागतात. दोन मित्र पोचलेत. तिसरा फोनच उचलत नाहीये."

काकांनी हात पुसले, दुकानाचं शटर खाली ओढलं आणि आपली स्कूटर काढून मैत्रीला म्हणाले, "बैठ बेटा मागे. ह्याला कागदं सांभाळू दे."

कार्यालयात तिसरा साक्षीदार म्हणून काकांची सही घेताना बाबूने विचारलं, "आप लड़की के कौन?"

मैत्री गडबडली. काका मात्र ऐटीत म्हणाले, "मामा! हमारे में दुल्हन को मामा ही लेके आता है, जी."