डावा फ्लिपर

"हा असाच लुळा पडतो," बाई म्हणाल्या. "बॉल येतो आणि हा नुसती मान हलवतो."

मिस्त्रीने पिनबॉलच्या काचेवर वाकून डावं बटण दाबलं. बॉल वर टोलवणारा तो बोटाएवढा फ्लिपर कण्हत अर्धाच उठला आणि बॉल त्याच्या टोकावरून घरंगळून खालच्या भोकात गेला. उजवं बटण दाबलं, तर उजवा फ्लिपर टणकन उडाला. म्हणजे वीज नीट येत होती. दुखणं डावीकडेच होतं.

एरवी तो आज घराबाहेर पडलाच नसता. एकुलत्या एका मुलीने लग्नाचा विषय काढला होता. आणि मुलगा कोण, तर ज्याचं पहिलं लग्न मोडलंय असा! "त्याचं तोंड बघणार नाही, त्याच्या घरच्यांचंही नाही," असं ठणकावून मिस्त्रीने दुकानाला कुलूप लावलं होतं आणि घराच्या दाराशी खुर्ची टाकून तो पहाऱ्याला बसला होता. पण सकाळी फोनवर 'पिनबॉल' हा शब्द ऐकला आणि त्याचे हात शिवशिवले. असली यंत्रं उघडणारा आसपास तो एकटाच उरला होता. "पोरीवर नजर ठेव," असं बायकोला दहादा बजावून तो निघाला होता.

"किती वेळ लागेल?" बाईंनी विचारलं.

"तासाभरात उडवून देतो."

"इतक्या लवकर?"

मिस्त्रीने वर पाहिलं. गिऱ्हाईक सहसा उलटं विचारतं.

त्याने काच सरकवून काढली, खेळाची फळी उचलून टेकूवर उभी केली आणि पोटात टॉर्च मारला. फ्लिपर ओढणारा लोखंडी दांडा ठोके खाऊन खाऊन टोकाला चपटा झाला होता. तो ज्या नळीतून सरकायचा ती आतून घासून काळी पडली होती.

"बिचारा धडपडतोय, पण वाटेतच अडकतोय," तो म्हणाला. "नळी आणि दांडा बदलला की झालं."

बाईंचं लक्ष नव्हतं. त्या खिडकीशी जात, रस्ता बघत, परत येत. फोन उलटा ठेवत आणि लगेच सुलटा करत.

"कुणाची वाट बघताय?"

"मुलगा यायचाय. त्याचंच आहे हे यंत्र. मधे फार खचला होता. हात लावत नव्हता कशाला." त्या थांबल्या. "आता सावरेल."

आजारी असेल, मिस्त्रीच्या मनात आलं. त्याने जास्त खोदलं नाही. त्याचा स्वतःचा जीव टांगणीला होता. त्याने घरी फोन लावला.

"पोरगी कुठाय?"

"झोपलीय. डोकं दुखतंय म्हणाली," बायको म्हणाली.

"आणि मागे हॉर्न कसले वाजतायत?"

"टीव्ही चालू आहे. तुम्ही काम करा हो."

फोन खिशात टाकत तो पुटपुटला, "बायको भोळी आहे माझी. कुणीही गुंडाळेल तिला."

"असं?" बाई म्हणाल्या आणि पुन्हा खिडकीकडे वळल्या.

त्याने नवी नळी बसवली, दांडा जोडला, फ्लिपर फळीला घासणार नाही इतकी फट ठेवून स्क्रू आवळला. मग हात धुवायला आत गेला. परत येऊन फळी खाली टेकवली आणि डावं बटण दाबलं. फ्लिपर असा सणसणला की बाई दचकल्या. मिस्त्री खुशीत हसला, उजवं बटण दाबलं आणि त्याचं हसू विरलं. उजवा ढिम्म.

"आत्ता तर चालत होता!"

"जुनं यंत्र," बाई घाईने म्हणाल्या. "बघा ना जरा. सावकाश बघा."

त्याने फळी पुन्हा उचलली. उजव्या बटणाच्या, वीज जोडणाऱ्या दोन पत्र्यांमध्ये कागदाचा कपटा बसला होता. त्याने चिमट्याने तो ओढून काढला.

"बाई, हा इथे कसा?"

"उंदीर झालेत घरात."

"उंदीर कागदाची घडी घालत नाहीत."

बाई पुन्हा खिडकीशी गेल्या. मिस्त्रीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. यंत्र चोरीचं तर नसेल? दुसऱ्याच्या मालाला तर आपण हात लावला नाही ना? त्याने पुन्हा घरी फोन लावला. नुसतीच घंटी वाजत राहिली. त्याने फळी खाली टेकवून भराभर हत्यारं पिशवीत कोंबली.

"निघतो मी."

"एक डाव खेळून तरी बघा," बाई दारात आडव्या आल्या. आवाज अगदी रडवेला. "मुलाला देण्याआधी खात्री नको का?"

त्या आवाजाने म्हणा किंवा यंत्राच्या मोहाने म्हणा, तो थांबला. बॉल सोडला. डाव्या फ्लिपरने तो नेमका वरच्या घंटीवर हाणला. मग पुन्हा. दिवे पेटत गेले, आकडे पळू लागले, आणि घर, पोरगी, पहारा सगळं विसरून तो दोन्ही हातांनी खेळत राहिला.

बाईंचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, "हो, हो" म्हटलं आणि एकदम खुर्चीत बसल्या. डोळे पुसले. एवढा वेळ घरभर येरझाऱ्या घालणारी बाई आता शांत झाली होती.

"मुलगा पोचला वाटतं?" मिस्त्रीने नजर न उचलता विचारलं.

"निघालेत. येतीलच." त्यांनी दुसरी खुर्ची पुढे ओढली आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. "बसा ना, व्याही. विहीणबाईही येतायत त्या दोघांबरोबर. साक्षीदाराची सही त्यांनीच केली."