शेजारच्या जिल्ह्यातली फाइल

लेक वारल्यापासून नात ओपलकडेच होती. आज जावई रॉस तिला कायमची न्यायला येणार होता. पूर्वी तो पीत असे, म्हणून ओपलनं सकाळीच कोर्ट गाठलं. "त्याच्यावर इथं एकही खटला नाही," कारकूनबाई म्हणाली, "पण काकू, माणूस राहतो तिथं नाही, पकडला जातो तिथं नोंद होते. शेजारच्या जिल्ह्यात बघा." तिथं फाइल सापडली: दारू पिऊन गाडी चालवली. ओपल पुढं वाचत गेली. खाली शेरीफनं, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखानं, लिहिलं होतं, 'आरोपीनं गाडी थांबवून स्वतःच फोन केला. म्हणाला, मला लहान पोर आहे, पुढं जाऊ देऊ नका.' घरी रॉस अंगणात उभा होता. "गावात कळलं, कोर्टात माझी चौकशी केलीत म्हणे?" "केली. परत प्यायलास तर?" "तर तुम्हाला फोन करीन." ओपलनं नातीची गाडीत बसायची छोटी खुर्ची आपल्या गाडीतून काढून त्याच्या गाडीत घट्ट बांधली.