मागच्या खांबाशी

"ही कशी दिसतेय?" गिऱ्हाईक बाईंनी सतरावी फ्रेम नाकावर चढवली.

"शोभतेय हो तुम्हाला," चष्मेवाली म्हणाली आणि बाईंच्या डोक्यावरून घड्याळ बघितलं. पावणेचार.

चष्म्याच्या दुकानात एक गंमत असते. नव्या फ्रेमच्या काचेला नंबर नसतो आणि आपला चष्मा तर काढून ठेवलेला. आरशात सगळं धूसर. मग गिऱ्हाईक आरसा सोडून विकणारीच्या तोंडाकडे बघतं. अकरा वर्षं चष्मेवालीनं ते तोंड छान सांभाळलं होतं. मनात काही का असेना, चेहऱ्यावर 'शोभतेय' असायचं.

आज तिच्या मुलीची, भिंगरीची, शाळेत कथाकथन स्पर्धा होती. तीनला सुरू. मालक अडीचला सोडतो म्हणाले आणि स्वतःच जेवायला गेले ते गेलेच. गेल्या वर्षी भिंगरीचं नाटुकलं हुकलं, मागच्या महिन्यात धावण्याची शर्यत. सकाळी वेणी घालून घेताना पोरीनं बजावलं होतं, "आई, 'आलेच' म्हणू नकोस. ये."

"अगं येते म्हटलं ना, बाई!"

चारला मालक उगवले. चष्मेवाली निम्मी वाट पळत, निम्मी धापा टाकत शाळेत पोचली. हॉल रिकामा. खुर्च्या वेड्यावाकड्या. पालक बाहेर अंगणात चहाचे कप घेऊन घोळक्यानं उभे.

"झालं का हो?" तिनं एका आजोबांना विचारलं.

"हो, आत्ताच. काय बोलतात हो एकेक पोरं! आमच्या वेळी तोंड उघडायची सोय नव्हती."

शरमेनं तिची कानशिलं तापली. नऊ वर्षांची पोर, स्टेजवर उभी राहून आईला शोधत असेल. तसंच मागे फिरावं, असंही क्षणभर तिच्या मनात आलं. पण भिंगरी पायऱ्यांवरच बसली होती. फ्रॉकवर स्पर्धेचा बिल्ला, मुठीत घडी केलेला कागद. तिनं आईला बघितलंच.

चष्मेवालीनं तोंड उघडलं ते खरं सांगायला. बाहेर पडलं ते दुकानातलं.

"काय बोललीस गं! जिंकलंस अगदी!"

भिंगरी बघतच राहिली. "तू ऐकलंस?"

"म्हणजे काय! मागच्या खांबाशी उभी होते. पुढे जागा होती कुठे?"

"तिथून मी दिसत होते?"

"स्पष्ट! आणि त्या उंटाला शिंक येते तिथे तू रोज अडतेस ना? आज अडलीस का एकदा तरी? घडाघडा बोललीस!"

"लोक हसले?" भिंगरीनं अगदी हळू विचारलं.

"पोट धरून! शेजारच्या बाईंना मी सांगितलंसुद्धा, माझी मुलगी आहे म्हणून."

थांबायचं कुठे, हे खोटं बोलणाऱ्याला कधी कळलंय? एकेका वाक्याला तिला स्वतःचीच लाज वाटत होती आणि तरी पुढचं वाक्य तयार होतं. घरीसुद्धा गोष्ट धड कुठे ऐकली होती? कुकरच्या शिट्ट्या मोजत नुसतं 'हं, हं' केलं होतं. उंट तेवढा लक्षात राहिला.

भिंगरी मान खाली घालून कागदाची घडी उलगडत होती, पुन्हा घालत होती. रुसली नाही, रडली नाही. चष्मेवालीला तेच सोसेना. उद्या सांगू खरं, आजचा दिवस तरी पोरीचा गोड जाऊ दे, असं तिनं स्वतःला समजावलं.

"चल, काढ तो बिल्ला. घरी जाऊ."

"नको. राहू दे."

"का गं?"

भिंगरीनं आईचा हात घट्ट धरला.

तेवढ्यात वर्गशिक्षिका हातातला कप कठड्यावर ठेवून लगबगीनं आल्या.

"आलात ना आई? बरं झालं! आई आल्याशिवाय बोलणारच नाही म्हणून हटून बसली होती, शेवटी हिला मध्यंतरानंतर ठेवली. चल गं, आत चल, तुझ्यापासूनच सुरुवात आहे."