जुळलेला हात

नयनाच्या यंत्रावर पुन्हा लाल दिवा लागला आणि अहल्या गालात हसली.

"तुझाच हात चुकतोय."

"मग घे तूच," म्हणत नयनाने आपला ट्रे तिच्यापुढे सरकवला आणि तिचा स्वतःकडे ओढला.

इंजिनिअर साहेब हवेच्या दाबाचे आकडे कागदावर लिहीत. एक मुलगी ते पाहून कार्डांना भोकं पाडी. मग आठवडाभराने, पहिलीही ते आकडे विसरल्यावर, दुसरी त्याच कागदावरून तेच आकडे त्याच कार्डांवर पुन्हा ठोकी. फरक पडला की लाल दिवा. कुणाचा ट्रे कुणाकडे जाणार हे मुलींवर देखरेख करणाऱ्या प्रेमाअक्का ठरवत, नाव मात्र सांगत नसत. चुकीची कार्डं कॉम्प्युटरमध्ये जाऊ देणारीला घरी पाठवत. अहल्येचं घर निपाणीला होतं आणि तिथे अण्णांनी स्थळ पाहून ठेवलं होतं.

नयनाचा तो ट्रे पाण्यासारखा वाहत गेला. साहेबांच्या ज्या तिरप्या आकड्यांपाशी नयना अडखळायची, तिथेही दिवा लागला नाही. अहल्येने एक कार्ड खिडकीपाशी धरलं. भोकांतून ऊन तिच्या तळहातावर सांडलं.

मग रोजच अदलाबदल होऊ लागली. "त्या ट्रेशीच लग्न लाव," नयना म्हणायची.

संध्याकाळी बंगळूरच्या बसवनगुडीत, मामांच्या गच्चीवर, अहल्या ती कार्डं पाडणाऱ्या अनोळखी मुलीचा विचार करी. तीही काम करताना गुणगुणत असेल. तिलाही परत जायचं नसेल. दोन माणसांची बोटं इतकी एकसारखी चालू शकतात, याचं तिला झोपेतही नवल वाटे.

नोकरीत कायम करायच्या मुलींची नावं ठरायची होती, त्या दिवशी अक्कांनी तिला बोलावलं. टेबलावर तेच ट्रे होते. अहल्येचा जीव हलका झाला.

"अक्का, ही कार्डं पाडणारी कोण? घ्यायचं तर आधी तिला घ्या. तिची एकही चूक मला सापडली नाही."

अक्कांनी एक कार्ड उजेडात धरलं.

"साहेबांचा एक तिने सात वाचला. तूही सातच वाचलास. सगळीकडे."

अहल्येने ते कार्ड हातात घेऊन पुन्हा वाचलं.

"सरी, असू दे, बस," अक्का हळूच म्हणाल्या. "ही कार्डं तूच पाडली होतीस, म्हणून तर मी हे ट्रे रोज नयनाला देत होते."